निवृत्तीसाठी घरची तयारी: बचत आणि आयुर्विमा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, कराड आणि सातारा या भागांतील कुटुंबे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. विचारणाऱ्यांत साखर कारखान्यांतील कायम कामगार आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, मार्केट यार्डातील लहान व्यापारी आहेत आणि निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेले शिक्षकही आहेत. व्याजदर व नियम हा मजकूर लिहितानाचे आहेत. अल्पबचतीचे दर केंद्र सरकार दर तिमाहीला जाहीर करते, त्यामुळे पैसे गुंतवण्याच्या दिवशी ते पोस्टात किंवा बँकेत पुन्हा पाहून घ्यावेत. सर्व उत्तरांत हिशेब एका कमावत्या माणसाचा न धरता संपूर्ण घराचा धरला आहे.

निवृत्तीनंतर किती पैसा लागेल, हे कशावरून ठरवायचे?

घरखर्चावरून ठरवावे, पगाराचा आकडा येथे फारसा उपयोगी पडत नाही. गेल्या बारा महिन्यांचा खर्च वहीत मांडावा. त्यातून मुलांच्या शिक्षणाची फी, कर्जाचे हप्ते आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च वजा करावा. औषधपाणी, घराची डागडुजी आणि आहेर यांच्या रकमा मात्र वाढवून धराव्यात. आहेराचा खर्च आपल्याकडे सहसा कोणी लिहीत नाही, आणि निवृत्तीनंतर तो कमी होण्याऐवजी वाढतो, कारण तोवर भाच्यापुतण्यांची लग्ने सुरू झालेली असतात.

महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर खर्च सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतो. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या ४८ वर्षांच्या एखाद्या नोकरदाराच्या घराचा असा दुरुस्त केलेला खर्च आज दरमहा ३०,००० रुपये असेल, तर त्याच्या साठाव्या वर्षी तो ६०,००० रुपये झालेला असेल. त्यातून पेन्शन, घरभाडे, शेतीचा खंड असे निश्चित येणे वजा करावे. हे येणे २३,००० रुपये आहे असे समजू. उरलेले दरमहा ३७,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार रुपये, साठवलेल्या रकमेतून उचलावे लागतील. निवृत्तीनंतर ठेवींवर कर वजा जाता मिळणारे व्याज आणि महागाई एकमेकांच्या जवळपास राहतील असे धरून, पती-पत्नींपैकी जो अधिक काळ जगेल त्याच्यासाठी २५ वर्षांची तरतूद करायची, तर १ कोटी ११ लाख रुपये लागतात. हा हिशेबही थोडा आशावादीच आहे, कारण कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही.

हा आकडा पाहून बहुतेक जण वही मिटतात. त्यातून आजवर जमलेला फंड, मिळणारी ग्रॅच्युइटी आणि हातातील ठेवी अजून वजा व्हायच्या असतात. त्या वजा केल्यावर जी तूट उरते, तेवढीच बचत पुढच्या वर्षांत करायची असते आणि ती बहुधा मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी निघते.

बागायत शेती आहे, स्वतःचे घर आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तरी वेगळी तरतूद हवी का?

हवी. जमिनीचे मोल मोठे असले तरी ते दरमहा हाती येत नाही. सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावे एकत्र असतील, तर आजारपणात तातडीने अर्धा एकर विकू म्हटले तरी वाटणी आणि सह्या यांतच महिने जातात. पासष्टीनंतर रान स्वतः कसणे जमले नाही की ते वाट्याने किंवा खंडाने द्यावे लागते, आणि मग उत्पन्न निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. म्हणून निवृत्तीच्या हिशेबात शेतीचे उत्पन्न धरताना स्वतः कसताना मिळणारी रक्कम धरू नये. त्या भागातील चालू खंडाची रक्कम धरावी. जत, आटपाडीकडच्या कोरडवाहू रानाबाबत तर तीही हात राखून धरावी.

मुलाच्या बाबतीत सांगायचे, तर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने अपत्यांवर टाकलेली आहे आणि त्यासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तरीही ज्याच्या डोक्यावर घरकर्जाचा हप्ता आहे आणि ज्याची मुले शाळेत आहेत, त्याच्या पगारावर आपली पंचवीस वर्षे आखणे हे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

विटा, खानापूर आणि आटपाडी भागातील गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायातील कुटुंबांची अडचण थोडी निराळी आहे. परराज्यात दुकान असते, उत्पन्नही चांगले असते, परंतु सगळे भांडवल धंद्यात किंवा सोन्यात अडकलेले असते. पगार नाही, फंड नाही आणि हिशेब एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात. अशा घरांनी धंद्यातून दरवर्षी ठरावीक रक्कम बाहेर काढून पत्नीच्या आणि स्वतःच्या नावे वेगळी ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण धंद्यात खोट आली तरी त्या रकमेला हात लागू नये.

आमचे उत्पन्न ऊसबिलावर आणि बेदाण्यावर आहे. दरमहा बचत कशी करायची?

दरमहा करू नये. आवर्ती ठेव किंवा मासिक हप्त्याची पॉलिसी पगारदाराला सोयीची असते, शेतकऱ्याला ती हमखास त्रास देते. उसाचे पैसे तोडणीनंतर १४ दिवसांत मिळावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम असला, तरी प्रत्यक्षात बिल बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने येते. काही कारखान्यांचा शेवटचा हप्ता दिवाळीच्या आसपास पडतो. द्राक्षाचा पैसा जानेवारी ते एप्रिलमध्ये आणि बेदाण्याचा त्यानंतर, सौदे होतील तसा येतो. पुढे ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मात्र घरातून पैसा बाहेरच जात असतो. बचतीची साधने या चक्राला जुळणारी निवडावीत.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, यासाठी सोयीचा आहे. १९६८ पासून चालत आलेल्या या योजनेत वर्षाला किमान ५०० आणि कमाल १ लाख ५० हजार रुपये, एकदम किंवा जमेल तसे भरता येतात. मुदत १५ वर्षे असून पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. एप्रिल २०२० पासून व्याजदर ७.१ टक्के आहे. व्याजाची आकारणी दर महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर होते, त्यामुळे मार्चमध्ये हाती आलेला पैसा ५ एप्रिलच्या आत भरल्यास पूर्ण वर्षाचे व्याज मिळते. दरवर्षी एप्रिलच्या आरंभी दीड लाख रुपये भरत गेल्यास, याच दराने १५ वर्षांनी सुमारे ४० लाख ६८ हजार रुपये होतात. बिल कमी आलेल्या वर्षी ५०० रुपये भरूनही खाते जिवंत राहते. दुष्काळ आणि महापूर दोन्ही पाहिलेल्या जिल्ह्यांत ही सवलत फार मोलाची आहे.

विम्याचा हप्ता वार्षिक ठेवावा, आणि पॉलिसी घेतानाच तिचा महिना असा निवडावा की हप्त्याची तारीख बिल जमा झाल्यानंतर येईल. तारीख उलटल्यावर हप्ता भरायला वार्षिक हप्त्याला साधारणपणे ३० दिवसांची जादा मुदत मिळते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची.

दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्यांसाठी २०१९ पासून प्रधानमंत्री किसान मानधन योजना आहे. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरल्यावर साठीनंतर दरमहा ३,००० रुपये पेन्शन मिळते. रक्कम लहान आहे, पण सरकारही तेवढाच वाटा घालते, तेव्हा पात्र असणाऱ्याने ती सोडू नये.

विम्याची पॉलिसी म्हणजे बचतच नव्हे का?

पूर्वीपासून तसे मानले गेले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाल्यानंतर अनेक दशके ग्रामीण भागात बँकेची शाखा नसली तरी विमा एजंट पोहोचत असे, आणि कित्येक घरांत वर्षातून एकदा सक्तीने बाजूला पडणारा पैसा म्हणजे पॉलिसीचा हप्ताच होता. त्या सवयीने अनेकांच्या मुलींची लग्ने आणि घरांची कौले पार पडली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आज हिशेब मांडून पाहिला, तर पारंपरिक बचत पॉलिसीचा परतावा बहुधा ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास येतो आणि विमासंरक्षणही हप्त्याच्या मानाने थोडेच असते.

वर्षाला ५०,००० रुपये याप्रमाणे २० वर्षे भरले, तर ५ टक्क्यांनी सुमारे १७ लाख ३६ हजार रुपये होतात. तीच रक्कम ७.१ टक्के दराने पीपीएफमध्ये सुमारे २२ लाख १९ हजार रुपये होते. या ५०,००० मधील काही हजार रुपये मुदत विम्याच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाल्यासच रक्कम देणाऱ्या विम्याच्या, हप्त्याला आणि उरलेले पीपीएफमध्ये घातले, तर तरुण आणि निरोगी माणसाला कितीतरी पट अधिक विमासंरक्षण मिळते आणि शेवटी हाती येणारी रक्कमही बहुधा जास्त असते. मुदत विम्यात मुदत संपल्यावर काहीच परत मिळत नाही, म्हणून "पैसे फुकट गेले" अशी तक्रार ऐकू येते. पण त्या वर्षांत कुटुंबाच्या निर्वाहाची जी हमी मिळाली, तिचे ते मोल असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी माफ झाला आहे, त्यामुळे पूर्वी मुदत विम्यावर द्यावा लागणारा १८ टक्के करही आता नाही.

माझे मत स्पष्ट आहे: कमावत्या वर्षांचे संरक्षण आणि म्हातारपणाची पुंजी ही दोन कामे दोन वेगळ्या साधनांकडे सोपवावीत. अपवाद एकच वाटतो. हातात पैसा टिकतच नाही आणि सक्ती असल्याशिवाय बचत होतच नाही, हे ज्याला स्वतःविषयी खात्रीने ठाऊक आहे, त्याने लहानशी बचत पॉलिसी घ्यायला हरकत नाही.

मुदत विमा किती रकमेचा आणि कोणत्या वयापर्यंत घ्यावा?

कर्ता माणूस उद्या नसेल, तर मुले कमावती होईपर्यंतचा घरखर्च, सर्व देणी आणि पत्नीची म्हातारपणाची तरतूद यांची बेरीज करावी आणि त्यातून हातातील ठेवी वजा कराव्यात. देण्यांत घरकर्ज सर्वांच्या लक्षात राहते. विकास सोसायटीचे पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता आणि दुसऱ्यासाठी जामीन राहिलेली रक्कम मात्र विसरली जाते. ढोबळ मानाने ही बेरीज वार्षिक उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट येते. मुदत साठ, फार तर पासष्ट वयापर्यंत पुरेशी असते. त्यानंतर घर कोणाच्या कमाईवर अवलंबून नसावे, हाच तर बचतीचा हेतू असतो. तेव्हा ८५ किंवा ९९ वयापर्यंतचा महाग मुदत विमा बहुतेकांना लागत नाही.

पत्नी दूध, शिवणकाम किंवा दुकान सांभाळत असेल, तर तिच्याही नावे विमा असावा. घरातील तिच्या कामाची किंमत कागदावर दिसत नसली, तरी ते काम थांबले की ती लगेच मोजावी लागते.

अर्ज भरताना तंबाखू आणि मशेरी यांचा उल्लेख टाळू नये. "मशेरी म्हणजे काही व्यसन नव्हे" असे म्हणून एजंटने "नाही" लिहिले, तरी त्याखाली सही आपलीच असते. हप्ता थोडा वाढेल, पण दावा अडणार नाही. रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया याही लिहाव्यात. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षे पूर्ण झाल्यावर विमा कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. मात्र बंद पडलेली पॉलिसी पुनरुज्जीवित केल्यास ही तीन वर्षे तेव्हापासून नव्याने मोजली जातात.

घरात जुन्या चार-पाच बचत पॉलिसी आहेत. त्या मोडाव्यात का?

सरसकट मोडू नयेत. ज्यांची मुदत संपायला चार-पाच वर्षेच उरली आहेत, त्या चालू ठेवाव्यात, कारण बोनसचा मोठा भाग शेवटी हाती येतो. नुकत्याच घेतलेल्या आणि हप्ता डोईजड झालेल्या पॉलिसीबाबत विमा कार्यालयातून दोन आकडे लेखी मागवावेत: आज सोडल्यास किती मिळतील आणि पुढील हप्ते थांबवून ती पेड-अप ठेवल्यास मुदतीअखेर किती मिळतील. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी लवकर सोडणाऱ्यांचे नुकसान काहीसे कमी झाले आहे, पण त्याआधीच्या पॉलिसींना त्या वेळच्या अटी लागू होतात. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. पॉलिसी मोडून आलेला पैसा त्याच आठवड्यात पीपीएफमध्ये किंवा ठेवीत जाणार नसेल, तर ती न मोडलेलीच बरी. एक क्रम मात्र पाळावा: नवा मुदत विमा मंजूर होऊन हाती आल्याशिवाय जुने संरक्षण सोडू नये.

पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते. निवृत्तीचा पैसा तेथे ठेवावा का?

बँकेतील ठेवींना, त्यांत नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही आल्या, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागले, तरी मर्यादा एकच राहते. पतसंस्थांना हे संरक्षण नाही. व्याजातील एक-दीड टक्क्याचा फरक आणि मुद्दल बुडण्याची शक्यता यांची तुलना करताना हा एकच मुद्दा पुरेसा असावा.

सहकाराने सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांना उभे केले आहे. त्याविषयीची आपुलकी स्वाभाविक आहे, आणि उत्तम चाललेल्या पतसंस्थाही येथे आहेत. परंतु डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेव विम्यामुळेच बहुसंख्य लहान ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले. ज्यांच्या ठेवी मर्यादेपेक्षा मोठ्या असतात, त्यांना अशा वेळी उरलेल्या रकमेसाठी अवसायकाच्या, म्हणजे बंद बँकेचा कारभार आटोपण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, वसुलीची वाट पाहावी लागते. संचालक ओळखीचे आहेत, पाहुण्यांतले आहेत, ही ठेवीची सुरक्षितता ठरत नाही. पतसंस्थेत ठेवायचेच असेल, तर बुडाले तरी घरखर्च अडणार नाही एवढेच ठेवावे. भिशीलाही हाच निकष लावावा.

कारखान्यात नोकरी आहे, फंड आणि पेन्शन आहे. ते पुरेसे नाही का?

फंड चांगला आधार आहे. पेन्शनविषयी मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. मालकाच्या १२ टक्के वाट्यातील ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर. मासिक पेन्शन काढताना पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. १८ वर्षे सेवा झालेल्याला १५,००० रुपयांवर सुमारे ३,८५७ रुपये मिळतात, तेही वयाच्या ५८ व्या वर्षापासून. किमान दहा वर्षे सेवा नसेल, तर मासिक पेन्शन नाही. म्हणून नोकरी बदलताना फंड काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा. सेवेची वर्षे तुटली की पेन्शनही तुटते.

ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्याच्या २६ व्या भागाला १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणून येणारी रक्कम. तिची कायदेशीर मर्यादा २० लाख रुपये आहे. फंडाशी जोडलेल्या विमा योजनेतून सेवेत असताना मृत्यू आल्यास वारसांना ७ लाख रुपयांपर्यंत मिळतात. अनेक कुटुंबांना ही योजना ठाऊकच नसते, त्यामुळे तिचा दावा करायचाच राहून जातो.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. त्यांनी राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या खात्याचे विवरण वर्षातून एकदा तरी उघडून पाहावे आणि बाहेर पडण्याचे सध्याचे नियम विचारून घ्यावेत, कारण ते अलीकडे बदलत आले आहेत.

निवृत्तीच्या वेळी एकदम हाती आलेली रक्कम कोठे ठेवावी?

पहिले तीन महिने ती साध्या मुदतठेवीत, दोन-तीन बँकांत विभागून ठेवावी आणि कोणालाही होकार देऊ नये. निवृत्तीची बातमी गावभर होते, आणि बंगल्याचा मजला, मुलाचा धंदा, पुतण्याची हातउसनी रक्कम, नवी पॉलिसी असे सगळे एकाच आठवड्यात दारात येतात. ठेव ठेवायला बँकेत गेलेल्या ज्येष्ठांना "ठेवीसारखीच आहे" म्हणून दहा वर्षे हप्त्याची विमा पॉलिसी दिली जाते, हा प्रकार वारंवार घडतो. सही करण्यापूर्वी "यात पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरायचे आहेत का?" एवढा एकच प्रश्न विचारावा. सही झालीच असेल, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते.

त्यानंतर पहिला विचार पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा करावा. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना, आणि ५५ ते ६० या वयात निवृत्त होऊन लाभाची रक्कम मिळालेल्यांना तीन महिन्यांच्या आत, हे खाते उघडता येते. मर्यादा प्रत्येकी ३० लाख रुपये, मुदत ५ वर्षे आणि दर ८.२ टक्के; पूर्ण ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येते. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाख रुपये ठेवता येतात, ७.४ टक्के दराने १५ लाखांवर दरमहा ९,२५० रुपये मिळतात.

विमा कंपनीची तहहयात पेन्शन घ्यायची असेल, तर पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत चालणारा पर्याय निवडावा. तिचा दर पहिल्याच दिवशी कायमचा ठरतो आणि ती पेन्शन सहसा वाढत नाही, म्हणून सगळी पुंजी त्यात घालू नये. दीड-दोन वर्षांचा खर्च सहज मोडता येईल अशा ठेवीत असावा.

अटल पेन्शन आणि सरकारी विमा योजना पुरेशा आहेत का?

सुरुवात म्हणून चांगल्या आहेत. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयात नाव नोंदवता येते आणि साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून त्यात नव्याने प्रवेश नाही. आज तिशीत असलेल्याला साठीत मिळणाऱ्या ५,००० रुपयांची खरेदीशक्ती, ६ टक्के महागाईने, आजच्या नऊशे रुपयांइतकीही उरणार नाही. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये आहे. दोन्हींत दोन लाखांचे संरक्षण मिळते, पैकी दुसरे केवळ अपघातासाठी. मेअखेरीस हप्ता कापला जाईल एवढी शिल्लक खात्यात नसली, की हे विमे बंद पडतात.

कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये पॉलिसी घ्यावी का?

नवी करप्रणाली निवडलेल्यांना आयुर्विम्याच्या हप्त्याची आणि पीपीएफची वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीत दीड लाखांपर्यंत मिळते, परंतु तेवढ्यासाठी वीस वर्षांची बांधिलकी घेऊ नये.

आजारपणाची तरतूद वेगळी हवी का?

नक्कीच. मिरजेत मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असणे हे भाग्य असले, तरी तेथील बिल भरायला निवृत्तीचीच ठेव मोडावी लागते. नोकरीतील गट विमा बहुधा निवृत्तीबरोबर संपतो, आणि आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. म्हणून स्वतःचा आरोग्य विमा पंचावन्नच्या आतच घ्यावा. सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. हे कार्ड आजारी पडण्यापूर्वी काढून ठेवावे.

नॉमिनी आणि कागदपत्रे यांची काय काळजी घ्यावी?

लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर आईचे नाव असते आणि पुढे ते बदलायचे राहून जाते. असे प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घरात आढळते. पॉलिसी, फंड, बँक, पोस्ट आणि पतसंस्था या प्रत्येक ठिकाणी नाव स्वतंत्रपणे पाहावे लागते. आयुर्विम्यात पती, पत्नी, आईवडील किंवा मुले नॉमिनी असल्यास ती रक्कम त्यांच्या हक्काची होते. बँकेच्या ठेवीबाबत मात्र नॉमिनी पैसे स्वीकारतो आणि हक्क वारसांचा राहतो, त्यामुळे वाटणीविषयी मनात काही निश्चित असेल, तर मृत्युपत्र करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनीही देता येतात. धंदेवाईकांनी आणि कर्ज असलेल्यांनी स्वतःच्या जीवनावरील पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतल्यास, ती रक्कम पत्नी व मुलांसाठी राखीव राहते आणि सावकारांना त्यावर हात टाकता येत नाही. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीतील अनेक घरांत तळमजल्यावरच्या कपाटातील कागदांचा लगदा झाला. मूळ कागद जलरोधक पिशवीत वरच्या मजल्यावर किंवा उंच गावातील नातेवाइकांकडे ठेवावेत, आणि पॉलिसी ई-विमा खात्यात किंवा डिजिलॉकरमध्येही घ्यावी. एका वहीत पॉलिसी क्रमांक, ठेव पावत्या, हप्त्यांच्या तारखा आणि एजंटचा फोन लिहून, ती वही पत्नीला एकदा समोर बसून समजावून द्यावी. केवळ "कपाटात आहे" असे सांगितल्याने काम होत नाही. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या शोधण्यासाठी २०२३ पासून उद्गम हे पोर्टल उपलब्ध आहे.

वय ५५ आहे आणि आजवर काहीच झालेले नाही. आता काय करावे?

या वयात वीस वर्षांची बचत पॉलिसी घेऊ नये आणि तूट भरून काढायची म्हणून शेअर बाजाराच्या टिपांमागे तर मुळीच लागू नये. आधी जादा व्याजाची कर्जे, विशेषतः सोनेतारण आणि खासगी उसनवारी, फेडावीत. पीपीएफ उघडता येते, पण ते पंधरा वर्षांनी हाती येईल हे धरून. शक्य असल्यास काम तीन ते पाच वर्षे अधिक करावे, कारण त्याने बचतीची वर्षे वाढतात आणि पुंजीवर जगायची वर्षे कमी होतात. शिकणाऱ्या मुलाच्या फीसाठी ठेव मोडण्याआधी शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. त्याला ते फेडायला पुढे आयुष्य आहे, म्हातारपणासाठी मात्र कोणतीही बँक कर्ज देत नाही. घर मोठे असेल, तर एक खोली भाड्याने देणे हा कमीपणा मानू नये.

विम्याचा दावा कसा करायचा, आणि तो नाकारला तर?

मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, नॉमिनीचे ओळखपत्र व बँक तपशील आणि दाव्याचा अर्ज शाखेत द्यावा व पोच घ्यावी. पहिल्या तीन वर्षांतील मृत्यूची कंपनी चौकशी करते, तेव्हा दवाखान्याचे कागदही जपून ठेवावेत. अपघात असल्यास पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. दावा नाकारला, तर कारण लेखी मागावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. सांगली व सातारा जिल्ह्यांसाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय ते देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारीसोबत पॉलिसीची प्रत, नाकारल्याचे पत्र आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडावा.